असू दे म्हणजे काय?

परवा सकाळी गच्चीवर उभा होतो आणि वाऱ्याबरोबर धुराचा वास आला. गोवऱ्यांचा धूर, आणि त्यात कोवळी ज्वारी भाजल्याचा गोडसर वास. शहराच्या कडेला कुणाच्या तरी रानात आगटी पेटली होती. मी नकळत श्वास आत ओढला. पार तळापर्यंत ओढला आणि मग तसाच थांबलो, आतून काही उत्तर येतं का याची वाट बघत. काही आलं नाही. खोकला नाही, बरगडीखाली टोचणी नाही. हवा आत गेली, हुरड्याचा वास आत ठेवून निमूट बाहेर आली. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं असं पूर्वी मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

खाली स्वयंपाकघरात सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन चालला होता. पलीकडे तिची थोरली बहीण. ती माढ्याच्या बाजूला असते, उसाच्या आणि ज्वारीच्या रानात. "बघते गं ताई, यांना विचारून बघते," एवढंच वाक्य जिन्यावरून वर आलं. पुढे ताईच बोलत असावी. हुरड्याचं आमंत्रण होतं हे मला न सांगता कळलं. या दिवसांत दर वर्षी येतं. गेल्या वर्षीही आलं होतं. मी नाही म्हणालो होतो आणि सुनंदानं दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. ती न विचारता घरात जशी वावरते, तिची भांडी जशी वाजतात, ते ऐकण्यापेक्षा भांडण परवडतं.

माझा धंदा मोडीत निघालेल्या यंत्रांचा. बंद पडलेले माग, जुन्या मोटारी, गुऱ्हाळाचे चरक, इंजिनं, जे पडून गंजतंय ते घ्यायचं, त्यातलं चालण्यासारखं दुरुस्त करायचं, उरलेलं तोडून विकायचं. आमचं मूळ नातेपुत्याकडचं, कोरड्या माळाचं. वडील मेंढरं राखायचे. सोलापुरात मी आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि तोंड, एवढंच माझं भांडवल होतं. त्यातले कपडे लवकर फाटले. तोंडावर मी सगळं उभं केलं. लोक मला भांडखोर म्हणतात. मी म्हणतो, ज्याच्या मागे बापजाद्यांची पेढी नाही त्यानं आवाज तरी मोठा ठेवावा.

आणि माझी एक खोड साऱ्या बाजाराला माहीत आहे. सौदा ठरला, हातावर हात पडला, की मी विचारतो, "वर काय?"

हे मी आईकडून शिकलो. नातेपुत्याच्या बाजारात आई वांगी घ्यायची आणि पिशवी उघडीच धरून उभी राहायची. भाजीवाली बघायची, आई बघायची. मग भाजीवाली चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी वर टाकायची, की पिशवी मिटायची. वाटेत मी विचारलं होतं, वांगी तर मिळाली होती, मग थांबलीस कशाला? आई म्हणाली, "मापात मिळतं ते बाजाराचं आसतंय बाळा. वर मिळतं ते माणसाचं." मी धंद्यात पडल्यावर यातलं अर्धंच वाक्य लक्षात ठेवलं असेल. पण वर मागायला कधी विसरलो नाही. मोटार घेतली तर पट्टा वर. माग घेतले तर शेडमधला बाक वर. एकदा तर काहीच उरलं नव्हतं, तेव्हा भिंतीवरचं घड्याळ उतरवून आणलं. बंद होतं. अजून बंदच आहे, पण आहे.

ताईचे यजमान म्हणजे माझे साडू. वसंतराव. आम्ही एकमेकांना पाव्हणं म्हणतो. साडूसाडूंचं नातं विचित्र असतं. एकाच सासऱ्यानं दोघांना पारखून घेतलेलं, त्यामुळे जन्मभर दोघंही एकमेकांचा भाव काढत राहतात. वसंतरावांचं गुऱ्हाळ होतं. कारखान्याला ऊस घालायला लागल्यावर ते बंद पडलं, आणि चरक, इंजिन, रस आटवायची काहील, सगळं धूळ खात होतं. त्या वर्षी, म्हणजे गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी मी ते बघायला गेलो.

"पाव्हणं, लोखंडाला भाव न्हाय सध्या," मी सुरुवात केली.

"भाव न्हाय तर मग हितं कशाला आलाय? वाघळं बगायला?" वसंतराव म्हणाले.

वाघळं होती खरी. चुलवणाच्या मागे गूळ ठेवायची दगडी खोली होती, तिच्या तुळयांना ती ओळीनं लटकलेली, छत्र्या मिटून टांगून ठेवाव्यात तशी. आम्ही काहिलीच्या काठावर बसून दुपार होईपर्यंत भांडलो. ताईनं दोनदा चहा पाठवला. शेवटी ठरलं, हातावर हात पडला आणि मी विचारलं, "आता वर काय?"

"वर आभाळ हाय. घिऊन जावा."

"आभाळ नातेपुत्याला लई हाय. दुसरं काय?" असं म्हणत मी त्या खोलीचं दार ढकललं. आत जमिनीवर वाघळांच्या लेंड्यांचा ढीग साठला होता. वर्षानुवर्षांचा, वाळून भुगा झालेला. गावाकडे माझ्या भावानं डाळिंब लावलंय. असलं खत झाडाला मिळालं तर झाड काय करेल हे मला चांगलं माहीत होतं. मी म्हणालो, "हे द्या वर."

वसंतराव दारापर्यंत आले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी नाकाला लावला आणि म्हणाले, "ते? ते असू दे. असू दे तितंच."

आता मला सांगा, असू दे म्हणजे काय? आयुष्यभर मी बाजारात उभा आहे. विकणारा "असू दे" म्हणाला की त्याचा अर्थ एकच होतो: त्याला आत्ता कळलं की ही वस्तू कामाची आहे. मी हसलो. म्हणालो, "पाव्हणं, शब्द झालाय. आता हात आकडता घिऊ नका." ते बाजूला झाले. गाडीत पोती होतीच. फावडं त्यांच्याच दारातलं घेतलं आणि आत शिरलो. छपराच्या एका फटीतून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि मी फावडं मारलं की धूळ त्या पट्ट्यात सोन्यासारखी उठत होती. मला त्या क्षणी फार श्रीमंत वाटत होतं हे अजून आठवतं. बाहेर वसंतराव नाक धरून उभे. मी तोंडाला रुमालसुद्धा बांधला नव्हता. फुकटाच्या मालापुढे माणूस तोंड उघडं ठेवूनच उभा राहतो.

दिवाळीच्या फराळाला तोंडाची चव गेली होती. मग ताप आला. मग कोरडा खोकला, असा की खोकल्यावर बरगड्या मोजून घ्याव्यात. संध्याकाळी अंगाला दरदरून घाम फुटायचा, बनियन पिळून काढावं लागायचं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या. फोटो काढला, त्यात दोन्ही फुप्फुसांवर ठिपके. ज्वारी सांडल्यासारखे. टीबी असावा म्हणून थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. मग त्यांनीच छातीच्या तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मोठ्या यंत्रात घालून पुन्हा फोटो झाले. बाई म्हणाल्या, गाठीसुद्धा दिसतात, तुकडा काढून बघावा लागेल. तुकडा कशासाठी काढतात हे मला ठाऊक होतं. सुनंदालाही ठाऊक होतं. घरी येताना रिक्षात ती माझ्या बाजूला बसली होती आणि मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडलो नाही. ती तेव्हा रडली. नंतर म्हणाली, फोटो बघून नाही, तुम्ही त्याला सांगितलं तेवढं दिलंत तेव्हा मी घाबरले.

त्या थंडीत माझी खाट गच्चीवरच्या पत्र्याखाली होती. आमची गल्ली विणकरांची. शेजारीपाजारी तेलुगू बोलतात, आणि दिवसभर मागांची खटखट चालू असते. इतकी वर्षं तो आवाज मला ऐकूच येत नव्हता, जसा आपल्याला आपला श्वास ऐकू येत नाही. आजारात दोन्ही ऐकू यायला लागले. माग चालू असले की माझा खोकला त्यात बुडून जायचा आणि बरं वाटायचं. वीज गेली की गल्ली गप्प व्हायची, आणि माझ्या छातीतली शीळ मला एकट्याला ऐकत बसावी लागायची. वीज परत आल्यावर पोरं ओरडतात तसं मलाही ओरडावंसं वाटायचं. पण ओरडायला छाती लागते. भांडायलासुद्धा लागते, हे मला तेव्हाच कळलं.

धंदा फोनवर चालू होता. एक गंमत झाली. समोरच्यानं भाव सांगितला की पूर्वी मी तुटून पडायचो. आता बोलायला दम नसायचा, म्हणून नुसता श्वास घेत थांबायचो. समोरच्याला वाटायचं, हा माणूस गप्प आहे म्हणजे काहीतरी मोठा डाव आहे. तो घाबरून स्वतःच खाली यायचा. काही न करता काम होतं, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं आणि मला त्याचा राग आला. मी पोरांना, कामगारांना, सगळ्यांना एकच शिकवत आलो होतो: आपोआप काही होत नाही. देवसुद्धा घंटा वाजवल्याशिवाय बघत नाही.

त्या दिवसांत वसंतराव मला बघायला आले. येताना शेजारच्या गुऱ्हाळावरची गुळाची ढेप घेऊन आले. मी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा रोगाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, पण माझ्या मनात खूण पटली होती. त्यांच्या गुऱ्हाळावरून आलो आणि पडलो. आणि त्यांच्या नाकावरचा तो टॉवेल मला डोळ्यांसमोर दिसत होता.

"पाव्हणं," मी भिंतीलाच म्हणालो, "तुमी नाक का धरलं हुतं?"

"वास येत हुता म्हणून."

"म्हंजी तुमाला म्हाईत हुतं."

"वास येतोय हे म्हाईत हुतं. आन् मी म्हणलो की तुमाला, असू दे."

"असू दे म्हणजे काय सांगणं झालं का?" मी उठून बसलो आणि खोकल्यानं मला परत आडवं केलं. खोकता खोकताच म्हणालो, "नको म्हणायचं हुतं. इख हाय म्हणायचं हुतं. हात धरायचा हुता."

"तुमचा हात कोण धरणार पाव्हणं?" ते एवढंच म्हणाले. सुनंदानं चहा दिला तो तसाच ठेवून गेले. ढेप फडताळात राहिली. कुणी तिला हात लावला नाही, मुंग्यांनी मात्र लावला. त्यानंतर मी सुनंदाला सांगितलं, त्या घराचं नाव या घरात नको.

तुकड्याचा अहवाल आला त्या दिवशी बाईंनी आम्हाला समोर बसवलं. वयानं त्या माझ्या मुलीएवढ्या असतील. म्हणाल्या, "कॅन्सर नाही. टीबी नाही. ही बुरशी आहे." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बुरशी भाकरीला येते, लोणच्याला येते. त्यांनी विचारलं, जुन्या बंद जागेत गेला होता का? कबुतरं, वटवाघळं असलेल्या? सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, पोत्यांसकट. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "त्या वाळलेल्या धुळीतून ती आत जाते. श्वासाबरोबर. तिथं काम करणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

"मग आता औषध?"

"ताप उतरायला लागलाय ना? वजनही या आठवड्यात घटलेलं नाही. तुम्हाला साखर नाही, दुसरा आजार नाही. अशा माणसाचं शरीर बहुतेक वेळा हिला आपणच आवरतं. आपण लक्ष ठेवू. ताप वाढला, दम लागला तर लगेच या, मग औषध आहे. नाहीतर हे आपोआप बरं होईल."

आपोआप! मी खुर्चीत पुढे सरकलो. "बाई, आपोआप व्हायचं होतं तर मी तुमच्याकडे कशाला आलो? फी कशाची घेता मग?"

"औषध न देण्याची," त्या शांतपणे म्हणाल्या. "देणं सोपं असतं. त्या औषधांचाही शरीराला त्रास असतो. गरज नसताना कशाला?"

मी घासाघीस केली. खरंच केली. म्हणालो, पूर्ण नको, निम्मं तरी द्या. आठवड्याचं द्या. नुसतं वर म्हणून एक बाटली टॉनिक तरी द्या. सुनंदा खाली बघून हसत होती. बाईंनी काही दिलं नाही. माझ्या आयुष्यात मी रिकाम्या हातानं उठलो असा तो पहिला सौदा.

मग वाट बघणं. त्यासारखं जड काम मी आजवर केलेलं नाही. रोज सकाळी उठल्यावर मी आत कान लावायचो. काय चाललंय तिथं? कोण जिंकतंय? आपल्याच अंगात आपल्यासाठी भांडण चालू आहे आणि आपल्यालाच त्यात बोलायची परवानगी नाही. ताप उलटला तर काय, या विचारानं मी दिवसातून कितीदा कपाळाला हात लावायचो, ते सुनंदाला विचारा.

त्या दिवसांत मला वडिलांची मेंढरं फार आठवली. कळपातलं एखादं मेंढरू आजारी पडलं की ते आपणहून बाजूला व्हायचं. बाभळीखाली जाऊन बसायचं. पुढ्यात पाला टाकला तरी तोंड लावायचं नाही. मी लहान होतो, मला ते बघवायचं नाही. मी त्याला ओढून उठवायला जायचो. वडील काठीवर हनुवटी टेकून म्हणायचे, "बसू दे त्येला. त्येचं त्येला कळतंय." बरीचशी मेंढरं दोन-चार दिवसांत उठून कळपात मिसळायची. काही उठायची नाहीत. वडिलांना दोन्ही माहीत होतं, आणि तरी ते तिथंच उभे राहायचे, उन्हात, त्या बसलेल्या मेंढराला सोडून पुढे जायचे नाहीत. मी गच्चीवर पडलेला असताना सुनंदा भाजी निवडायला वर येऊन बसायची. मेथी निवडून झाली तरी बसून राहायची. तेव्हा मला कळलं, काही न करणं आणि सोडून जाणं यांत किती अंतर आहे ते.

एक दिवस ती ज्वारीची कोवळी कणसं घेऊन वर आली. बाजारातून आणली असं म्हणाली. मी विचारलं नाही कुठल्या बाजारातून. खाली गॅसवर भाजली होती, त्यामुळे धुराची चव नव्हती, पण गुळभेंडी ज्वारीचा हिरवा गोडवा होता. हुरडा खायची एक रीत असते. गरम कणीस तळहातांत चोळायचं, दाणे मोकळे होतात, मग हलकी फुंकर मारून कोंडा उडवायचा. मी चोळलं, तळहात तोंडाशी धरला आणि फुंकर मारली. कोंडा जागचा हलला नाही. परत मारली. खोकला आला आणि दाणे सांडले. सुनंदानं माझा हात आपल्याकडे ओढला, राहिलेल्या दाण्यांवर स्वतः फुंकर मारली आणि म्हणाली, "खावा आता. माझ्या वाऱ्यावर खावा यंदा." आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्याइतकं गोड मला कुणी कधी काही दिलेलं नाही.

ताप गेला तो कुठल्या दिवशी गेला हे मला सांगता येणार नाही. मला शत्रू हरताना बघायची सवय. समोरचा हात टेकतो, मान डोलावतो, मग मी पुढचं बोलतो. इथं तसं काही झालंच नाही. एक दिवस जिना चढून आलो आणि वर पोचल्यावर लक्षात आलं की मधे थांबलो नव्हतो. एक दिवस भाकरी मागून घेतली. एक दिवस गोदामात एका माणसावर एवढा ओरडलो की तो म्हणाला, "शेठ, बरं झालं बाबा, आवाज आला तुमचा!" फोटोतले ठिपके पुसट होत गेले. कुणी पुसले? बाईंनी नाही, मी नाही. आत कुणीतरी राबत होतं, मला न सांगता, माझ्याकडे काही न मागता. मी झोपलो असताना, चिडलो असताना, वसंतरावांना शिव्या घालत असतानासुद्धा त्यानं हातातलं काम खाली ठेवलं नाही. मी आयुष्यभर ज्याला हक्काचं म्हणत आलो ते सगळं मापातलं होतं. हे मात्र वरचं होतं. मागितल्याशिवाय मिळालेलं.

पोत्यांचं काय झालं ते सांगायला हवं. ती गोदामामागे ताडपत्रीखाली पडून होती. बाईंनी सांगितलं तसं, तोंड बांधून, पाणी मारून, खोल खड्ड्यात पुरली. पुढच्या पावसाळ्यात तिथं गवत कमरेएवढं आलं. खत म्हणून माल उत्तम होता, हे मला मान्य करावं लागतं.

पण रुसवा गेला नाही. लोकांना वाटतं, मरणाच्या दारातून आलेला माणूस मऊ होतो. मी झालो नाही. मी देवळात गेलो, बाईंच्या दवाखान्यात पेढे दिले, सुनंदाला न मागता इरकल साडी घेऊन आलो, आणि या सगळ्यात वसंतरावांचा टॉवेल माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. मी कृतज्ञ होतो आणि चिडलेलाही होतो. दोन्हींना एका छातीत जागा होते. बुरशी होती तिथं तर काय, बरीच जागा मोकळी झाली होती.

गेल्या महिन्यात शेवटचा फोटो झाला. बाईंनी तो उजेडाला धरला. सगळं साफ होतं. एकाच ठिकाणी पांढरा ठिपका. दाण्याएवढा.

"हा काय?" मी विचारलं.

"खूण आहे. चुन्यासारखा कडक झालेला दाणा. मेलेला आहे, त्याचा काही त्रास नाही."

"काढता येईल का?"

"कशाला? असू दे. असू दे तिथंच."

मग मला हसू आलं, आणि हसू आवरेना. बाई गोंधळल्या. मी म्हणालो, "बाई, असू दे म्हणजे काय ते नीट सांगा. मागच्या वेळी हा शब्द मला कळला नव्हता." सुनंदा मात्र हसली नाही. ती पर्सच्या बंदाशी चाळा करत खाली बघत बसली. तिला बहिणीचं घर बंद होऊन दोन हिवाळे झाले होते. तो दाणा कुणाच्या छातीत राहिला आणि दुखत कुणाला होता, हे मला त्या दवाखान्यात, तिच्या बोटांकडे बघताना दिसलं.

म्हणून परवा तो धुराचा वास छातीत घेऊन मी जिन्यात आलो आणि खाली ओरडलो, "ताईला सांग, येतो म्हणून."

स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं. "कशाला?"

"हुरडा खायला."

"भांडायला न्हाय ना?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

काल गेलो होतो. रानात ज्वारी छातीएवढी उभी, कणसं दुधावर आलेली. बांधाच्या कडेला आगटी धुमसत होती. वसंतराव उकिडवे बसून कणसं भाजत होते. मला बघून उठले नाहीत. एक कणीस निखाऱ्यातून काढलं, चोळलं आणि दाणे माझ्या तळहातावर ओतले, कोंड्यासकट. दोघी बहिणी शेंगांची चटणी वाढत होत्या. मी तळहात तोंडाशी नेला आणि फुंकर मारली. सगळा कोंडा उडाला तो वसंतरावांच्या पांढऱ्या टोपीवर, मिशांवर.

"दम आला म्हणायचा की," ते मिशा झटकत म्हणाले.

"तुमच्या टॉवेलानं तोंड पुसा. हाय न्हवं खांद्यावर?"

"हाय. नाकाला लावू का परत?"

"लावा. ह्या बारीला मला बी द्या एक."

ताई आधी हसली. मग सुनंदा. मग आम्ही बराच वेळ नुसता हुरडा खाल्ला. माफी कुणी मागितली नाही. मला अजून वाटतं, हात धरायला हवा होता. त्यांना अजून वाटतं, सांगितलं होतं. तो दाणा आहे तिथं आहे.

निघताना वसंतरावांनी कणसांची पेंढी बांधून गाडीपाशी आणली. मी सवयीनं म्हणालो, "असू दे हो."

ते पेंढी हातात धरून जागच्या जागी थांबले. "थांबा. असू दे म्हंजी काय? नीट सांगा, पाव्हणं. नको म्हंजी नको, का द्या म्हंजी द्या? मला परत बोल नको."

"द्या," मी म्हणालो.

त्यांनी पेंढी मागच्या सीटवर ठेवली. दार लावलं. मग काहीतरी आठवल्यासारखं घरात गेले आणि धोतराच्या सोग्यात झाकून आणलेली गुळाची ढेप त्यांनी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली.

"हे वर," ते म्हणाले.

मी काही मागितलं नव्हतं.